जर्मनीत ट्रान्सलेशनल बायोमेडिसिनची पीएचडी: अर्जापासून पदवी हातात येईपर्यंत

एम.एस्सी.चं शेवटचं सत्र सुरू झालं की "ताई, जर्मनीत पीएचडीसाठी कोणतं विद्यापीठ चांगलं?" असे मेसेज यायला लागतात. माझं उत्तर तेच असतं. विद्यापीठाचं नाव नंतर बघू. आधी विचारा, की त्या प्रयोगशाळेत रुग्णांचे नमुने कुठून येतात, त्यांची परवानगी मिळालेली आहे का, आणि पगार किती वर्षांचा आहे. या क्षेत्रात पीएचडी वेळेत संपणार की घोंगडं भिजत पडणार, हे बहुतेक वेळा या तीन प्रश्नांवर ठरतं. मी जर्मनीत ट्यूमर इम्युनॉलॉजीत, म्हणजे कर्करोगाची गाठ आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांच्या अभ्यासात, पीएचडी केली. त्यानंतर आपल्याकडून येणाऱ्या मुलामुलींचे अर्ज आणि कागद बघत आले आहे. कुठं अडतं ते कळलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

१. आधी कामाचं स्वरूप समजून घ्या

ट्रान्सलेशनल बायोमेडिसिन म्हणजे प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट रुग्णापर्यंत न्यायची, आणि रुग्णाच्या खाटेपाशी पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत आणायचा, असं हे दुहेरी काम आहे. मायन्झ शहराचं उदाहरण घ्या. उगुर शाहीन, ओझलेम त्युरेची आणि क्रिस्टोफ हुबर यांनी २००८ मध्ये तिथं बायोएनटेक सुरू केली ती कर्करोगावरच्या उपचारांसाठी. एमआरएनएवरचं, म्हणजे पेशीला कोणतं प्रथिन बनवायचं ते सांगणाऱ्या रेणूवरचं, तेच काम २०२० मध्ये फायझरच्या साथीनं कोविडच्या लशीपर्यंत पोहोचलं.

हे वाचायला भारी वाटतं. रोजचं काम मात्र असं असतं: शुक्रवारी दुपारी चार वाजता वॉर्डातून फोन येतो, "पेशंटचं रक्त घेतलंय, पाठवतोय." नळ्या हातात पडल्या की रक्त पातळ करायचं, फायकॉल या पेशी वेगळ्या करणाऱ्या जड द्रावावर नळी तिरकी धरून थेंबाथेंबानं थर चढवायचा, आणि सेंट्रिफ्यूज ब्रेक बंद ठेवून फिरवायचं. ब्रेक चालू राहिला तर यंत्र झटक्यात थांबतं आणि थर एकमेकांत मिसळतात. सगळं नीट झालं तर वर पिवळसर प्लाझ्मा, खाली लाल पेशी आणि मधे पांढऱ्या पेशींचं एक धूसर पांढरं कडं दिसतं. ते कडं पिपेटनं अलगद उचलायचं, धुवायचं, पेशी मोजायच्या, आधी उणे ऐंशीत आणि नंतर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायच्या. घरी जायला रात्रीचे नऊ वाजतात. रक्त सोमवारपर्यंत थांबत नाही, आणि त्या रुग्णाचा उपचारापूर्वीचा नमुना पुन्हा मिळत नाही.

हे करायला मन तयार असेल तर पुढे वाचा. शुद्ध मूलभूत जीवशास्त्रात रस असेल तर तसे कार्यक्रम जर्मनीत भरपूर आहेत, तिकडे अर्ज करा.

२. दोन वाटा, आणि कुठं शोधायचं

पहिली वाट संरचित कार्यक्रमाची. एकच ऑनलाइन अर्ज, ठरलेली अंतिम तारीख, मुलाखती आणि मग प्रयोगशाळेची निवड. हायडेलबर्गचं जर्मन कर्करोग संशोधन केंद्र म्हणजे डीकेएफझेड, माक्स प्लांक संस्थेच्या आंतरराष्ट्रीय संशोधनशाळा, हानोवरच्या वैद्यकीय विद्यापीठाची बायोमेडिकल संशोधनशाळा, मायन्झची ट्रान्समेड, बर्लिनमधलं माक्स डेल्ब्र्युक केंद्र ही नावं शोधायला घ्या. बर्लिनचं बीआयएच, म्हणजे बर्लिन इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ, २०२१ पासून शारिटे रुग्णालयाचा भाग आहे आणि त्याचा सगळा भर याच विषयावर आहे.

दुसरी वाट थेट प्राध्यापकांना लिहायची. जागेची जाहिरात निघते, तुम्ही अर्ज करता, करार होतो. जर्मनीत ही वाट जुनी आणि पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे तिला कमी लेखतात, त्याला काही आधार नाही.

पत्र लिहिताना "रिस्पेक्टेड सर" लिहून शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. तो न वाचता जातो. प्राध्यापकांचं नाव, त्यांचा एखादा अलीकडचा शोधनिबंध, त्यातला तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न, तुम्हाला हातानं काय करता येतं, आणि कधीपासून मोकळे आहात, एवढं दहा-बारा ओळींत बसवा.

एक मोठा खड्डा इथंच आहे. डीकेएफझेड किंवा माक्स प्लांक संस्था स्वतः डॉक्टरेट देत नाहीत. पदवी विद्यापीठ देतं. त्यामुळे तुमच्या गटप्रमुखांना पीएचडी मार्गदर्शनाचा अधिकार आहे का, नसेल तर विद्यापीठातले कोणते प्राध्यापक अधिकृत मार्गदर्शक होणार, हे रुजू होण्याआधी ठरलेलं हवं.

३. पदवी नेमकी कोणती मिळणार

आपल्याकडे सगळं पीएचडीच. तिथं विज्ञान शाखेची सर्वसाधारण पदवी डॉ. रेर. नाट. आहे, डॉक्टरांसाठी डॉ. मेड. आहे, आणि हायडेलबर्गच्या वैद्यकीय शाखेत डॉ. एससी. हुम. नावाची वेगळी पदवी आहे. काही कार्यक्रम पीएचडी असंही लिहून देतात. वैद्यकीय शाखेतल्या प्रयोगशाळेत काम करूनही डॉ. रेर. नाट. हवी असेल, तर जीवशास्त्र शाखेतला प्राध्यापक परीक्षक म्हणून लागू शकतो. त्या शाखेची पीएचडी नियमावली संकेतस्थळावर असते. ती जर्मनमध्ये असली तरी भाषांतर करून पूर्ण वाचा. प्रवेशासाठी जास्तीचे विषय किंवा परीक्षा मागितल्या आहेत का, तेही त्यातच कळतं.

एमबीबीएस, बीडीएस किंवा पशुवैद्यक पदवीधरांना काही कार्यक्रम थेट घेतात. पण पीएचडी मिळाली म्हणून जर्मनीत रुग्ण तपासता येत नाहीत. त्यासाठी वैद्यकीय परवाना आणि चांगली जर्मन भाषा लागते, तो रस्ता पूर्ण वेगळा आहे. दोन्ही एकदम करण्याचा बेत असेल तर आधी प्रमुखांशी बोला.

४. मुलाखतीत तुम्ही विचारायचे प्रश्न

सगळ्या लेखातला हा भाग दोनदा वाचा. आपली मुलं मुलाखतीला परीक्षेसारखी जातात, उत्तरं देऊन येतात. जर्मनीत उमेदवारानं प्रश्न विचारणं अपेक्षित असतं, त्यात उद्धटपणा मानत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

रुग्णांच्या नमुन्यांबद्दल विचारा: माझ्या प्रकल्पासाठी नीतिसमितीची मंजुरी आलेली आहे का, की मी आल्यावर अर्ज करायचा आहे? नमुने बायोबँकेत, म्हणजे रुग्णनमुन्यांच्या साठ्यात, जमा आहेत की नव्यानं गोळा करायचे आहेत? नव्यानं असतील तर महिन्याला असे किती रुग्ण त्या रुग्णालयात येतात? दुर्मीळ आजारावरचा प्रकल्प कागदावर देखणा असतो, पण वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण येत असतील तर तीन वर्षांत आकडेवारी उभी राहत नाही.

दवाखान्यातला सहकारी कोण? नुसतं रुग्णालयाचं नाव पुरेसं नाही. जो डॉक्टर रुग्णाला समजावून संमतिपत्रावर सही घेतो त्याचं नाव हवं, आणि तो पुढची दोन वर्षं तिथं आहे का हेही. निवासी डॉक्टर विभाग बदलतात, गेले की नमुन्यांचा ओघ आटतो. शक्य झालं तर त्याच्याशी दहा मिनिटं बोलायला मिळेल का, विचारा.

उंदरांवर प्रयोग असतील तर परवाना कुणाच्या नावावर आहे आणि त्यात तुमचा प्रयोग बसतो का? जर्मनीत प्रत्येक प्राणिप्रयोगाला त्या राज्याच्या सरकारी विभागाची परवानगी लागते. नव्या अर्जाला सहज काही महिने जातात, शंका काढल्या तर आणखी. "तुम्ही आलात की अर्ज करू" हे उत्तर मिळालं तर त्या महिन्यांत दुसरं काय काम असेल, ते तिथंच विचारून घ्या.

मग माणसांबद्दल. याआधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? मार्गदर्शन समिती वर्षातून किती वेळा बसते? एखाद्या सध्याच्या विद्यार्थ्याशी प्रमुख समोर नसताना बोलायला मिळेल का? या शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पाणी कुठंतरी मुरतंय असं खुशाल समजा.

५. अर्जाचे कागद

जमवायची यादी अशी:

• पासपोर्ट, पुढची काही वर्षं चालणारा
• बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका
• पदवी प्रमाणपत्रं. दीक्षान्त झाला नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र
• विद्यापीठाचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट आणि गुणांकन पद्धतीचा खुलासा
• एम.एस्सी. प्रबंधाचा एक पानी सारांश
• दोन पानी सीव्ही आणि हेतुपत्र
• दोन किंवा तीन शिफारसपत्रं
• इंग्रजीचा पुरावा: आयईएलटीएस किंवा टोफेल, काही ठिकाणी शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं कॉलेजचं पत्र चालतं

ट्रान्सक्रिप्ट आणि पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठात हेलपाटे पडतातच, म्हणून ते काम अर्जाच्या तारखेच्या बरंच आधी सुरू करा.

तुमचं विद्यापीठ जर्मनीच्या आनाबिन यादीत पाहा. परदेशी विद्यापीठांना जर्मनीत मान्यता आहे का ते तिथं कळतं. एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असेल तर ठीक. संलग्न कॉलेजात शिकला असाल तर पदवी विद्यापीठाची असते, म्हणून विद्यापीठाच्या नावानं शोधा.

गुणांचं रूपांतर पाहून बरेच जण घाबरतात, कारण जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ म्हणजे काठावर पास. सूत्र सोपं आहे. सर्वोच्च शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४ असेल तर उत्तर येतं २.०, आणि ते चांगलं मानतात. किमान उत्तीर्ण गुण विद्यापीठागणिक बदलतात आणि उत्तर त्यानं हलतं, म्हणून तो आकडा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूवरून घ्या, अंदाजानं लिहू नका.

शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना निदान महिनाभर आधी सांगा. बहुतेक कार्यक्रम पत्र थेट त्यांच्या ईमेलवर लिंक पाठवून मागतात, आणि तो ईमेल संस्थेचा लागतो. विभागप्रमुखांचं गोड पण कोरडं पत्र कमी उपयोगाचं. ज्यांच्या हाताखाली तुम्ही प्रत्यक्ष प्रयोग केले त्यांचं पत्र घ्या.

ज्यांच्या अभ्यासक्रमात प्रकल्प जेमतेम तीन-चार महिन्यांचा होता, त्यांनी अर्जाआधी एखाद्या संशोधन संस्थेत काम केलेलं बरं. पुण्यात पेशीविज्ञानाचं एनसीसीएस आणि आयसर आहेत, खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आहे, परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संस्था आहे. रुग्णनमुन्यांवर काम केल्याची एक ओळ सीव्हीत असली की निवडसमिती तिथं थांबते.

अपोस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावेत म्हणून सरकार मारतं त्या शिक्क्यावर, पैसे घालवू नका. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीची हरकत आहे, त्यामुळे तो शिक्का तिथं चालत नाही. तरीही "जर्मनीसाठी अपोस्टिल पॅकेज" विकणारे एजंट आहेत. पीएचडी प्रवेशासाठी एजंटची गरजच नसते, सगळे अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता.

६. पगार, शिष्यवृत्ती आणि शुल्क

जर्मनीतल्या सार्वजनिक विद्यापीठांत पीएचडीला शिकवणी शुल्क नसतं. नाव नोंदवलं तर दर सत्राला एक छोटी वर्गणी भरायची, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास येतो किंवा स्वस्त मिळतो. हायडेलबर्ग आणि ट्युबिंगेन ज्या राज्यात आहेत त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क असतं, पण पीएचडीवाल्यांना त्यातून सूट आहे. इंटरनेटवर तो आकडा वाचून तिथला अर्ज सोडू नका.

पैसे दोन प्रकारे मिळतात. नोकरीचा करार असेल तर सरकारी वेतनश्रेणी ई१३ लागते आणि जीवशास्त्रात बहुधा तिचा ६५ टक्के भाग देतात. त्यातून कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा कापला जातो. शिष्यवृत्ती असेल तर कापाकापी नसते आणि हातात येणारी रक्कम बरी दिसते, पण आरोग्य विमा तुमचा तुम्ही काढायचा आणि बेरोजगारी भत्त्याचं संरक्षण नाही. माक्स प्लांक संस्थेनं २०१५ पासून नव्या पीएचडी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीऐवजी करार द्यायला सुरुवात केली. दोन्ही पर्याय समोर असतील तर मी करार घ्या म्हणेन.

कराराची मुदत नीट वाचा. सुरुवातीला तीन वर्षांचा करार हवा. प्रत्यक्षात या क्षेत्रात चार वर्षं लागणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून मुदतवाढीचे पैसे कुठून येतात हे ईमेलवर लिहून घ्या.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएचडीलाही आहे. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट येते, त्यामुळे संशोधन संस्थेचं नाव नाही, तुमची नोंदणी ज्या विद्यापीठात होणार त्याचं नाव तपासा.

७. व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातात. करार असेल तर संशोधकाचा व्हिसा, शिष्यवृत्तीवर असाल तर बहुधा विद्यार्थ्याचा. कोणत्या प्रकारात अर्ज करायचा हे यजमान संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा, त्यांना रोजची सवय असते. प्रकार चुकला की कागदांची यादीच चुकते.

विद्यार्थी व्हिसासाठी खर्चाचा पुरावा म्हणून ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, सध्या वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात. पुरेशा पगाराचा करार किंवा शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर हे खातं लागत नाही. कर्ज काढून खातं उघडण्याआधी यादी वाचा. भारतीय पदव्या खऱ्या असल्याची खात्री देणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचंही तसंच: तुमच्या प्रकाराच्या यादीत ते मागितलं असेल तरच पैसे भरा.

१ जुलै २०२५ पासून नकाराविरुद्ध वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज करायचा, नाहीतर न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण हवा. पासपोर्ट, करार आणि पदवीवरची नावं जुळतात का बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठं असतं, कुठं नसतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. फरक असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

८. पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, खोली घेतानाच मागून घ्या. नोंदीनंतर कर क्रमांक पोस्टानं येतो. तो लगेच संस्थेच्या पगार कचेरीत द्या, नाहीतर सुरुवातीला कर जास्त कापला जाऊ शकतो. दारावरच्या पत्रपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

खोलीसाठी अनामत कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. "मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरनं येईल" असं सांगणारा फसवणारा असतो, कितीही कागद दाखवले तरी.

आरोग्य विम्यात शिष्यवृत्तीवाल्यांनी खास जपावं. भारतातून घेतलेला स्वस्त प्रवासी विमा चार वर्षांच्या मुक्कामासाठी नसतो, आणि खासगी विम्यात शिरलात की सार्वजनिक विम्यात यायला अवघड जातं.

९. पहिल्या वर्षात उरकायच्या गोष्टी

आल्याबरोबर शाखेकडे पीएचडी उमेदवार म्हणून स्वीकृतीचा अर्ज करा. करार झाला म्हणजे नोंदणी झाली असं नसतं, हे दोन स्वतंत्र कागद आहेत.

उंदरांवर काम असेल तर फेलासा या प्रयोगप्राण्यांविषयीच्या युरोपीय संघटनेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम लागतो आणि त्याच्या जागा लवकर भरतात, पहिल्याच आठवड्यात नाव द्या. मानवी रक्तावर काम करण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस झालेली असावी. भारतातल्या लसीकरणाची नोंद बरोबर आणा.

रुग्णांची माहिती सांकेतिक क्रमांकानं मिळते. ती स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा खासगी क्लाउडवर ठेवायची नाही, सुट्टीत घरी नेऊन विश्लेषण करायचं नाही. युरोपात यावर कायदा कडक आहे आणि जबाबदारी तुमच्यापर्यंत येते.

पेटंटबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. युरोपात शोध एकदा जाहीर झाला, मग ते पोस्टर असो, भाषण असो की प्रीप्रिंट (तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला लेख), की त्यावर पेटंट घेण्याची संधी साधारणपणे गेली. करारावर असलेल्या व्यक्तीनं उपयोगी शोध आधी संस्थेला लेखी कळवायचा असतो. विद्यापीठानं त्यातून कमाई केली तर शोधकर्त्यांना ३० टक्के वाटा मिळतो. परिषदेसाठी सारांश पाठवण्याआधी मार्गदर्शकांना एवढंच विचारा, "यात पेटंटजोगं काही आहे का?"

आणि जर्मन शिका. प्रबंध इंग्रजीत होतो, प्रयोगशाळेतही इंग्रजी चालते. पण संमतिपत्रं जर्मनमध्ये असतात, रुग्णांच्या नोंदी जर्मनमध्ये असतात, वॉर्डातल्या परिचारिकेचा फोनही जर्मनमध्ये येतो. तिला "नळ्या बर्फात ठेवू नका, खोलीच्या तापमानालाच पाठवा" एवढं तिच्या भाषेत सांगता आलं, तरी तुमचे नमुने वाचतात. निघण्याआधी पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात ए२ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या प्राथमिक पातळीपर्यंत, शिकून या.

१०. प्रबंध आणि पदवी

दुसरं वर्ष संपताना शाखेची नियमावली पुन्हा काढा. प्रकाशित लेख एकत्र बांधून प्रबंध देता येतो का, किती लेखांत पहिलं नाव लागतं, सहलेखकांकडून काय लिहून घ्यायचं, हे प्रत्येक शाखेत वेगळं असतं. सहलेखक डॉक्टर नोकरी बदलून गेल्यावर सही मिळवणं जड जातं, म्हणून लेख छापून येताच घेऊन ठेवा.

तोंडी परीक्षा झाली, टाळ्या झाल्या, तरी नावाआधी डॉक्टर लावता येत नाही. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रकाशित करून ठरलेल्या प्रती द्याव्या लागतात, मग प्रमाणपत्र मिळतं आणि त्यानंतरच पदवी वापरता येते. लेख अजून छापायचा असेल किंवा पेटंट अर्ज प्रलंबित असेल तर ग्रंथालयाकडे प्रबंध काही काळ बंद ठेवण्याची सोय असते. तो अर्ज प्रती जमा करतानाच द्यायचा.